पायवाट, सायकल आणि मोटार : संगमावरून तीन सफरी

(नरसिंहपूर, तालुका इंदापूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व महसूल कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘ग्रामीण भागातील सहली’ हा विषय आपण मला नेमून दिलात. सहल हा शब्द उच्चारला की आपल्या शाळांसमोर एसटीची बस उभी राहते. पहाटे चारला मुले जमवायची, रायगड किंवा महाबळेश्वर गाठायचे, डबे खायचे आणि मध्यरात्री परत यायचे. मी स्वतः तीस वर्षे अशा सहली नेल्या. त्यांचा आनंद मी नाकारीत नाही. परंतु प्रतापगडाचा बुरूज पाहून आलेल्या आमच्या मुलाला आपल्याच तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर चिंकारा हरिण राहते हे ठाऊक नसे, आणि खरे सांगायचे तर नोकरीची पहिली काही वर्षे मलाही ते ठाऊक नव्हते.

म्हणून मी आज दूरच्या सहलींविषयी बोलणार नाही. आपण बसलो आहोत तेथूनच निघणाऱ्या तीन सफरींविषयी बोलेन. एक पायी, दुसरी सायकलवर, तिसरी मोटारीने. मधे थोडा वेळ आपल्याला स्कॉटलंडलाही नेणार आहे. माझे चिरंजीव नोकरीनिमित्त ग्लासगो शहरी राहतात आणि त्यांच्याकडे राहण्याचा योग मला दोनदा आला, एवढेच त्याचे निमित्त.

पायी सफर येथल्या घाटापासूनच सुरू होते. लक्ष्मी-नृसिंहाचे दर्शन घेऊन आपण पायऱ्या उतरतो आणि समोर नीरा व भीमा एकमेकींना मिळतात. प्रल्हादाने येथे वाळूची मूर्ती करून पूजिली अशी भाविकांची श्रद्धा आहे, आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीला या पायऱ्यांवर उभे राहावयास जागा उरत नाही. पण एरवीच्या दिवशी, सकाळी, येथे शांतपणे उभे राहून पाहावे. आपण पुणे जिल्ह्याच्या शेवटच्या टोकावर आहोत. पाण्यापलीकडे सोलापूर जिल्हा आहे. एका अंगाला माढा तालुका, दुसऱ्या अंगाला माळशिरस. भूगोलाच्या पुस्तकात ‘संगम’, ‘सीमा’ आणि ‘जलविभाजक’ हे शब्द मुले पाठ करतात. त्यांपैकी पहिले दोन येथे बोटाने दाखविता येतात.

आणखी एक गोष्ट दाखविता येते. भीमेवर वरच्या अंगाला उजनीचे धरण आहे. १९८० मध्ये ते पूर्ण झाले आणि त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. नीरेवर वीरचे धरण आहे व त्याच्याही वर, नीरेच्या खोऱ्यातच, भाटघरचे. कोणत्या धरणातून पाणी सुटले आहे त्याप्रमाणे कधी एक नदी भरलेली व दुसरी उघडी पडलेली दिसते. दोन्हीकडून एकदम सुटले तर काय होते, ते या गावाला सांगण्याची गरज नाही. पुराचे पाणी कोणत्या वर्षी कोणत्या पायरीपर्यंत आले हे येथील वडीलधारी मंडळी अचूक सांगतात. शिक्षकांनी मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवावे. पायी सफरीचा हाच मोठा लाभ आहे की चालणाऱ्याला माणसे थांबवितात, विचारपूस करतात. मोटार थांबवून कोणी पुराच्या खुणा सांगत नाही.

पायी चालण्याची ही परंपरा आपल्याला कोणी शिकवावयास नको. येथून जवळच सराटीला संत तुकाराम महाराजांची पालखी नीराकाठी येते आणि नीरास्नान करून अकलूजकडे जाते. दिगंबर बाळकृष्ण मोकाशी पालखीबरोबर चालले आणि १९६४ मध्ये ‘पालखी’ हे पुस्तक त्यांनी दिले. त्याआधी इरावतीबाई कर्वे वारीत चालून आल्या व त्यावर लिहिते झाल्या. दोघेही भाविक म्हणून निघाले नव्हते. पाहणारे म्हणून निघाले होते. चालण्याच्या वेगामुळेच त्यांना जे दिसले ते दिसले, असे मला वाटते.

आता सायकल. इंदापूरहून निघावे. मालोजीराजांची गढी पाहून वडापुरी, बावडा या वाटेने पूर्वेकडे वळावे आणि लुमेवाडी, पिंपरी बुद्रुक करीत नरसिंहपुरास यावे. नववी-दहावीच्या मुलांना ही अर्ध्या दिवसाची, सपाट आणि सोपी वाट आहे. चढ जवळजवळ नाही. वाऱ्याचा त्रास मात्र आहे. विशेषतः उन्हाळ्यात दुपारी. म्हणून सकाळी निघून नऊ-साडेनऊपर्यंत पोहोचावे हे उत्तम. वाटेत ऊस, केळी, मका, डाळिंब. पाण्याने या भागाचे रूप कसे पालटले ते सायकलस्वाराला नाकाने कळते. ओल्या मातीचा, गुऱ्हाळाचा, शेणखताचा वास बदलत जातो, आणि जेथे तो वास संपून कोरडी कुसळे सुरू होतात तेथे पाण्याची हद्द संपली असे खुशाल समजावे.

या सायकलीच्या वाटेवर एक मौजेची गोष्ट मी मुलांना सांगत असे. आपल्या गावच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात ‘डब्ल्यूबीएम’ ही तीन अक्षरे पंचायतीचे सदस्य नेहमी वाचतात. त्यातले शेवटचे अक्षर ‘मॅकॅडम’ या शब्दाचे. जॉन लाउडन मॅकॅडम हे १७५६ मध्ये स्कॉटलंडच्या एअर या गावी जन्मलेले गृहस्थ. मोठे दगड अंथरण्याऐवजी बारीक, कोनदार खडी थराथराने दाबावी व रस्त्याला मधे उंची देऊन पाणी दोन्ही अंगांनी काढून द्यावे, ही त्यांची रीत. आणि आपल्या सायकलीचे हवा भरलेले टायर व्यवहारात आणले जॉन बॉईड डनलॉप यांनी. ते गुरांचे डॉक्टर होते. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्यांनी तो खटाटोप केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यांचाही जन्म त्याच एअरशायर परगण्यातला. खडी आणि टायर, दोन्ही एकाच मुलखातून आली! एवढे ऐकले की पंक्चर झालेल्या मुलाचा राग थोडा शांत होई.

परंतु सायकलीविषयी बोलताना मला एक दुःखाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी शिक्षक असताना आमच्या वर्गात एक मुलगी वस्तीवरून सायकलने येत असे. तिच्या वस्तीपासून शाळेपर्यंत नदीच्या अंगाने एक जुनी पायवाट होती. तिच्या आईने, आजीने ती वापरली होती. एके वर्षी ती वाट नांगरात गेली आणि तेथे ऊस उभा राहिला. मुलगी मोठ्या रस्त्याने येऊ लागली. गळिताचा हंगाम होता, संध्याकाळ झाली होती, उसाने भरलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता की लाल चकती नव्हती. ट्रॉलीच्या धक्क्याने मुलगी पडली, पाय मोडला. ती वाचली, परंतु तिचे ते वर्ष गेले, आणि पुढल्या वर्षी घरच्यांनी तिला शाळेत पाठविले नाही. वर्गात तिचे नाव हजेरीपटावर बरेच दिवस राहिले. मी रोज तो पट उघडीत असे.

त्यावेळी मी त्या ट्रॉलीवाल्याला दोष दिला. ज्या वाटेने ती यावयास हवी होती त्या वाटेचे काय झाले, हे मी कोणाला विचारले नाही. शिक्षकाचे ते काम नव्हे असे मला वाटले. तो प्रश्न माझ्या मनात उभा राहिला पुष्कळ वर्षांनी, आणि तोही परमुलखात.

ग्लासगोपासून आगगाडीने थोड्या वेळात एक गाव लागते. त्याचे स्पेलिंग वाचून ‘मिलनगेव्ही’ म्हणावे तर लोक हसतात. त्याचा उच्चार ‘मलगाय’ असा आहे. आपल्या कानाला तो अगदी घरचा वाटतो. या गावातून ‘वेस्ट हायलँड वे’ नावाची पायवाट निघते. १९८० मध्ये ती अधिकृतपणे खुली झाली. तेथून फोर्ट विल्यम गावापर्यंत ती १५४ किलोमीटर जाते. लोक सात-आठ दिवसांत ती चालतात. माझे वय पाहता मी पहिला टप्पाच चाललो, तोही दोन दिवसांत.

त्या वाटेवर चमत्कारिक असे काही नाही. खांबावर काटेरी फुलाची खूण कोरलेली असते. ती पाहत जायचे. वाट मेंढरांच्या कुरणांतून जाते. कुंपण आले की एक दुहेरी फिरते फाटक असते. माणूस अंग चोरून त्यातून जातो, मेंढरू जाऊ शकत नाही. जेथे साधे फाटक असेल तेथे नियम असा की, उघडे असेल तर उघडे ठेवायचे, मिटलेले असेल तर मिटायचे. कोकरे जन्मण्याच्या दिवसांत कुत्रे दोरीने बांधून न्यायचे. एका कुरणात मालक स्वतः काम करीत होते. मी सवयीने थबकलो. वाटले, आता हटकतील. त्यांनी हात वर करून हवापाण्याची विचारपूस केली आणि आपल्या कामाला लागले.

चिरंजीवांनी मला मग सांगितले की तेथे २००३ मध्ये जमीनसुधारणेचा एक कायदा झाला. त्याने प्रत्येकाला जमिनीवरून व जलाशयांवरून पायी, सायकलवर वा घोड्यावर जाण्याचा हक्क दिला. अट एवढीच की त्याने जबाबदारीने वागावे. २००५ पासून तो अमलात आहे. त्याबरोबर वागणुकीची एक संहिताही आहे. मोटारीला हा हक्क नाही. पीक उभे असलेल्या शेतातूनही नाही; तेथे बांधाने जायचे.

मित्रहो, हा कायदा येथे उचलून आणावा असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचे माळ हजारो एकरांचे, मालक थोडे, पाऊस मुबलक आणि मेंढरे पुष्कळ. आमच्याकडे दीड एकराचे चार भावांत तुकडे होतात, कालव्याचे पाणी पाळीने मिळते आणि बांधाच्या वीतभर जागेवरून भाऊ भावाशी बोलत नाही. अशा शेतकऱ्याने वाट नांगरली तर तो दुष्ट असतो असे नाही. त्याला सऱ्यांचा हिशेब करावा लागतो. परंतु त्या कुरणातून चालताना माझ्या ध्यानात आले की त्यांनी नव्या कायद्याने जे मिळविले त्यातले पुष्कळसे आमच्या दप्तरात आधीपासूनच लिहून ठेवलेले आहे.

ते कोठे, हे येथील महसूल कर्मचाऱ्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. तरी पंचायतीच्या नव्या सदस्यांसाठी सांगतो. प्रत्येक गावाचा नकाशा असतो. त्यात तुटक दुहेरी रेषेने गाडीमार्ग दाखविलेला असतो. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एका तुटक रेषेने पायमार्ग दाखविलेला असतो. त्याची रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट म्हणजे दोन मुली शेजारी शेजारी सायकली चालवीत, गप्पा मारीत जाऊ शकतात. नकाशावरची अशी वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडे जाता येते. ज्याच्या शेताला वाटच नाही त्याला १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून वाट मिळवून देऊ शकते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये शासनाने मातोश्रींच्या नावाने योजना आणली. शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ या सदरात घ्यावी, असा निर्णयही २०२५ मध्ये झाला. आपले तलाठी आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहेत. नाव मोठे झाले तसा त्यांचा नकाशाही भिंतीवर मोठा लागावा, एवढी विनंती मी थट्टेत पण मनापासून करतो.

माझ्या विद्यार्थिनीची ती वाट नकाशात होती. मी निवृत्त झाल्यावर जाऊन पाहिली. एक तुटक रेषा, अगदी स्वच्छ.

आता तिसरी सफर, मोटारीची. हिच्याविषयी थोडे बोलेन, कारण मोटारीत बसलेल्याला कोणी फारसे शिकवू शकत नाही. तरीही ज्यांना पायी वा सायकलने जाणे जमत नाही अशा वृद्धांसाठी, लहान मुलांसाठी ही चांगली आहे. इंदापूरहून पुण्याच्या बाजूने महामार्गाला लागावे. उजव्या हाताला उजनीचा जलाशय सोबत करतो. पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ या जलाशयात गेले आहे. पाणी फार खाली गेले की ते वर येते आणि लोक पाहावयास लोटतात. पाहताना मौज वाटते. त्या गावच्या माणसाला मात्र काय वाटत असेल याचा विचार गाडीतून उतरताना करावा. पुढे भिगवणच्या परिसरात हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. तेथून बारामतीला वळावे. कवी मोरोपंतांचे हे गाव. परतताना पालखीच्या वाटेने सणसर, बेलवडी, निमगाव केतकी असे यावे. बेलवडीला पालखीचे गोल रिंगण होते. निमगाव केतकीचे पानमळे प्रसिद्ध आहेत. कडबनवाडीच्या गवताळ माळावर जायचे झाल्यास वन विभागाच्या परवानगीने, नेमून दिलेल्या वाटेनेच जावे. तो माळ ओसाड नाही. तेथे चिंकारा आहे, लांडगा आहे. ‘पडीक’ हा शब्द आपण फार सहज वापरतो.

पालखीचा हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी चालण्याची पट्टी आखण्यात आली. महामार्ग बांधताना चालणाऱ्याचा विचार आधी झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सावलीचे मात्र अजून व्हावयाचे आहे. रुंदीकरणात जुनी झाडे गेली, आणि वडाची सावली निविदा काढून एका वर्षात येत नाही. रस्त्याकडेच्या ज्या पंचायती आहेत त्यांनी रोपे जगविण्याचे काम अंगावर घेतले तर वारकरीच नव्हे, शाळेची मुलेही दुवा देतील.

मोटारीसंबंधी स्कॉटलंडची एक रीत मात्र मला उचलावीशी वाटते. तेथील डोंगराळ भागात रस्ते एकाच गाडीपुरते रुंद आहेत. पण थोड्याथोड्या अंतरावर बाजूला एक फुगवटा केलेला असतो आणि तेथे पाटी असते. समोरून गाडी आली की ज्याला तो फुगवटा जवळ तो थांबतो. मागून घाईची गाडी आली तर तिलाही तेथे पुढे जाऊ देतात. तेथे गाडी उभी करून डबा खाणे असभ्य समजतात. जाताना दोघेही चालक हात वर करतात. आपल्या वस्त्यांवरचे डांबरी रस्तेही एकेरीच आहेत. हंगामात त्यांवरून ट्रॉल्या जातात, आणि सायकलवरचे मूल गटारीत उतरते. सबंध रस्ता रुंद करावयास निधी नसेल. पण वळणापाशी, ओढ्याच्या मोरीपाशी मुरूम टाकून असा एखादा फुगवटा करावयास किती लागेल याचा अंदाज पंचायतीच्या सदस्यांनी आपल्या अभियंत्यांकडून घ्यावा. ट्रॉलीच्या मागे लाल चकत्या लावण्याचे काम तर गळीत सुरू होण्याआधी शाळेच्या मुलांनीच गावोगाव केले आहे. आमच्या शाळेनेही केले; त्या अपघातानंतरच्या हंगामात. आधी सुचले नाही.

शिक्षकांसाठी एक शेवटची सूचना. सहलीची वही ठेवताना मुलांकडून ‘आम्ही खूप मजा केली’ असे लिहून घेऊ नका. वाट कोठे सुरू झाली, कोठे अडली, कोणाच्या बांधापाशी अडली, पूर्वी ती कोठे जात होती असे कोण म्हणाले, एवढे लिहून घ्या. बांधाच्या मालकाचे म्हणणेही लिहा. ते पुष्कळदा खरे असते. अशा वीस वह्या पंचायतीच्या टेबलावर आल्या तर मोजणीच्या अर्जाला लागणारा अर्धा मजकूर तयार असेल. भांडण करावयास मुलांना पाठवू नये. त्यांनी पाहावे आणि लिहावे. पुढचे काम मोठ्यांचे.

उद्याचा कार्यक्रम आपणास ठाऊक आहेच. सकाळी सहा वाजता घाटाच्या वरच्या पायरीवर जमायचे आहे. गावच्या नकाशाची प्रत ग्राम महसूल अधिकारी आणणार आहेत. नदीकाठाने नकाशातल्या पायमार्गावर जेवढे जाता येईल तेवढे जाऊ. जेथे ऊस आडवा येईल तेथे थांबून, मालकाला हाक मारून, त्यांच्याकडेच चहा घेण्याचा माझा बेत आहे. ते नाही म्हणणार नाहीत, असे सरपंचांनी मला कालच सांगितले आहे. पायात वहाणा नकोत, बूट घालावे. कुसळे फार आहेत. पाण्याची बाटली आपापली. सायकली घाटावरच ठेवाव्यात. त्या परवा लागतील.